पांडूचे कान

थंडी आली हे सगळ्यांत आधी कळतं ते कानांना. हात, पाय, नाक यांची पाळी नंतर. पौष लागला की माझ्या कानांच्या पाळ्या ऊन उतरल्यापासूनच ठणकायला लागतात आणि मी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेते. नातसून हसते. "आजी, आता कुणाचा एवढा मान ठेवताय?" म्हणते. तिला वाटतं पदर म्हणजे मानापानाचीच भानगड. थंडीलाही पदर लागतो हे या पोरींना कोण सांगणार! ती स्वतः माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या सासऱ्याला, खुशाल म्हणते, "बाबा, जरा पाय वर घ्या, केर काढायचाय." आणि तोही निमूट पाय वर घेतो.

मी बघत राहते. कौतुक वाटतं, खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटतो. "पाय वर घ्या" एवढं सासऱ्याला तोंडावर म्हणता येणं ही केवढी चैन आहे, हे तिला ठाऊक नाही. माझ्या सासऱ्यांशी मी एका सशाच्या मार्फत बोलले आहे. हे मी तिला एकदा सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तुम्ही पण ना, काहीही!" काही गोष्टी सांगून पटत नाहीत, आणि थंडी पडली की आठवल्यावाचून राहत नाहीत.

माझं माहेर शहापूरकडचं. घर माणसांनी गच्च. चुलत्यांची पोरं, आत्या, येणारे जाणारे. तिथं बोलायला माणूस शोधावा लागत नसे, उलट गप्प बसायला जागा शोधावी लागे. मला देवानं जीभ जरा जास्तच दिली आहे असं आई म्हणायची आणि त्यात तिची काही चूक नव्हती. अशी मी लग्न होऊन गेले ती मुरबाडच्या अंगाला, म्हशाच्या अलीकडच्या एका लहान गावात, अशा घरी की जिथं बोलायला कुणीच नव्हतं.

सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. नणंद नव्हतीच. घरात बाईमाणूस नाही, चूल कोण पेटवणार, म्हणून तर मला आणली. आमचे हे मुंबईला गोदीत. लढाईचे दिवस होते, गोदीत दिवसरात्र माल चढायचा-उतरायचा, रजा म्हणून मिळत नसे. लग्नाची हळद उतरायच्या आत ते कामावर गेले. मागं राहिलो मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे.

आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे. समोर यायचं नाही, आलीच तर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. काही सांगायचंच झालं तर सासूला सांगायचं, नणंदेला सांगायचं, नाहीतर मधे एखादं पोर धरायचं. "जा रे, बाबांना सांग, पान वाढलंय." बाबा तिथंच बसलेले असतात, त्यांनी ऐकलेलं असतं, पण पोर जातं आणि सांगतं आणि मगच बाबा उठतात. रीत करणाऱ्यांनी ती भरल्या घरासाठी केली. घरात मधलं माणूसच नसेल तर काय करायचं, ते काही कुणी सांगून ठेवलं नव्हतं. आम्ही दोघंही रीतीची माणसं. ते मोडायचे नाहीत आणि मी कशी मोडणार?

मग ते घर नुसत्या आवाजांवर चाललं. मामंजी शेतावरून आले की पडवीबाहेर खाकरत. एकदा खाकरले म्हणजे आलो, दोनदा खाकरले म्हणजे बरोबर कुणी आहे. मी पान वाढलं की बांगड्या वाजवायची. आणखी भात हवा असला की ते वाटी बोटानं सरकवत, नको असला की हात पानावर धरत. पाणी संपलं तर मी रिकामी कळशी दारात ठेवायची, जळण संपलं तर कोयता. असं सगळं सुरळीत चालायचं. कुणाला वाटावं, काय शहाणं घर आहे! पण मी त्या घरात आतल्या आत वाळत चालले होते. दुपारी मी चुलीशी बोलायची. तांदूळ पाखडताना सुपाशी बोलायची. माझाच आवाज मला परका लागायला लागला. शेजारच्या हिराबायकडे जाऊन बसावं तर तिच्या घरी तिची सासू, ती म्हणायची, घर सोडून सून बाहेर बसते. मला फार एकटं वाटायचं. सरळच सांगते. आणि पडवीत बसलेल्या त्या माणसालाही तसंच वाटत असेल हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं, कारण पदराआडून मी त्यांचे पायच तेवढे बघितले होते.

पौषात म्हशाची जत्रा भरली. भात झोडून झालं होतं, खळं सारवून मोकळं होतं, वाल फुलावर आला होता. मामंजी बैल बघायला गेले. आमच्या जोडीतला एक बैल थकला होता. दोन दिवसांनी आले ते दुपारच्या वेळी, बैलाशिवाय. खांद्यावर नवी घोंगडी, हातात कामट्यांची टोपली. पडवीत खाकरले. मी आतून बांगड्या वाजवल्या, म्हणजे पाणी देते. तर त्यांनी टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि टोपलीकडे तोंड करून म्हणाले, "सांग रे घरात, ह्याला... तुला भूक लागलीय."

मी जागच्या जागी थिजले. इतक्या दिवसांत माझ्या दिशेनं आलेलं ते पहिलं वाक्य. पदर सावरत उंबऱ्याशी आले आणि टोपलीत बघितलं. पांढराशुभ्र ससा. लाल डोळे, आणि कान एवढे मोठे की कानांनाच ससा चिकटवलाय असं वाटावं.

आमच्याकडे ससा म्हटला की रानातला, मातकट रंगाचा, आणि तोही पातेल्यातला. पाळायचा ससा त्या गावानं बघितला नव्हता. संध्याकाळी हिराबाय येऊन डोकावून गेली. "काय गो, कवा कापायचा ह्याला?" मी म्हटलं, "कापायचा नाय, पाळायचाय." तर म्हणाली, "म्हाताऱ्याला काय झालं? बैल आनाया गेला नि ह्यो कापसाचा बोळा घेऊन आला!" गाव बरेच दिवस हसलं. मामंजी कुणालाच उत्तर देत नसत. जत्रेत कबुतरं नि पोपट विकायला बसलेल्या कुणाकडून तो घेतला, एवढंच ते पुढं कधीतरी बोलले, अर्थात सशाशी.

पांढरा म्हणून त्याचं नाव पांडू ठेवलं.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्या घरात लेक नव्हती, ती जागा पांडूनं भरून काढली. उंबऱ्यावर माणसानं बसू नये, पण सशाला कोण अडवणार! तो उंबऱ्यावर बसायचा, मी आत, मामंजी पडवीत. "पांडू, सांग तिला, आज जेवाया उशीर होईल." "पांडू, त्यांना सांग, मीठ संपलंय." आधी कामापुरतं. मग हळूहळू बिनकामाचं. "सांग तिला, रताळी बरी झालीत हो." मी आत चुलीपुढं बसून हसले होते. तारीफ सशाच्या कानावाटे आली म्हणून काय झालं, रताळी माझीच होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी या घरात राहते.

आणि पांडूही असा लबाड, बोलणाऱ्याकडे एक कान वळवायचा आणि दुसरा कान माझ्या बाजूला. खरोखर निरोप्याच जणू. त्याचा कान उन्हात आला की आरपार गुलाबी दिसायचा, आत बारीक लाल शिरांची जाळी. मामंजी तो कान नुसता बघत बसत. मी पदराआडून त्यांना बघत बसे, आता पायांच्या वरही.

थंडी ऐन भरात असताना पांडू कान खाजवायला लागला. मागच्या पायानं, सारखा. मग मान झटकायला लागला. मी जवळ घेऊन बघितलं तर कानाच्या आत तांबूस खपल्या धरलेल्या, काकवी वाळून बसावी तशा, आणि वास. हात लावला की अंग चोरायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं पाल्याला तोंड लावलं नाही. मी घाबरले. एखादं जनावर आजारी पडलं म्हणून माणूस घाबरतं तेवढीच ती भीती नव्हती. हा गेला तर घर पुन्हा खाकरण्यावर आणि बांगड्यांवर जाईल, ही भीती होती. मामंजींनाही तीच असावी, कारण त्या दिवशी ते शेतावर गेलेच नाहीत.

आता तान्ह्या पोरांच्या कानांना काय करतात ते मला ठाऊक होतं. माझ्या आईनं घरातल्या सगळ्या पोरांचं केलेलं मी बघितलं होतं. पळीत तेल घ्यायचं, लसणाच्या पाकळ्या ठेचून त्यात कढवायच्या, गाळून कोमट थेंब घालायचे, वरून ओव्याची धुरी. मी तसं केलं. पांडूनं असा काही झटका दिला की पळी चुलीत गेली. कानाची आतली कातडी लालभडक झाली. पडवीतून आवाज आला.

"पांडू, सांग तिला, बैलाला खरूज झाली तं लसून कोन लावतो काय?"

मला राग आला. जीभ माहेरची होती, ती जागी झाली. "पांडू, त्यांना सांग, हा बैल नाय."

"सांग तिला, कातडी ती कातडी. करंजाचं तेल लावायचं."

"त्यांना सांग, त्या कडू तेलानं ह्याचा जीव जाईल. आमच्याकडं पोरांच्या कानांत लसणाचंच घालतात."

"सांग तिला," मामंजींचा आवाज चढला, "हा पोर पन नाय!"

बोलून गेले आणि तिथंच थांबले. मी चुलीतल्या पळीकडे बघत राहिले. लग्नाला वर्ष होत आलं होतं, नवरा मुंबईत, आणि पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या ते विचारायच्याच. हिराबायची सासू तर म्हणाली होती, पाळण्यात घालायला नाय म्हनून टोपलीत घातलंय. ते सगळं मामंजींच्या त्या एका वाक्यात नव्हतं, पण मला त्यात सगळं ऐकू आलं. मी चिमट्यानं ती ओढून काढली. मग पडवीतून अगदी हळू आवाज आला.

"पांडू, सांग तिला. तसं म्हनायचं नव्हतं मला."

सासऱ्यानं सुनेची माफी मागितलेली तुम्ही ऐकली आहे कधी? मी ऐकली. नवऱ्यानंही मला जन्मात इतक्या नीट कधी सांगितलं नाही.

मग आम्ही दोघांनी आपापलं थोडं थोडं सोडलं. तेल करंजाचं, मामंजींच्या म्हणण्याप्रमाणे. त्यात निम्मं खोबरेल, म्हणजे झोंबणार नाही, हे माझं. कोमट करायचं, हेही माझं. ओव्याची धुरी बंद. आणि लसणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण सशाचे कान एका माणसाच्यानं होत नाहीत. एकानं धरायचा, दुसऱ्यानं करायचं. धरणार मामंजी. नव्या घोंगडीच्या घडीत पांडूला मानेपर्यंत गुंडाळून ते पडवीच्या बाजूनं उंबऱ्याला टेकून बसत, मी आतल्या बाजूनं. मधे उंबरा, उंबऱ्यावर पांडू. गावातले सगळे कान धरून ससा उचलतात, शिकाऱ्याची सवय. मामंजी तसं करत नसत. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, जसं तान्हं घ्यावं. मी पदर दातांत धरायची, कारण दोन्ही हात लागायचे. कान बोटांनी हलकेच उभा धरून तेल आत सोडायचं. मग कानाच्या मुळाशी बाहेरून चोळायचं, आत तेल चुबुक चुबुक वाजेपर्यंत. खपली ओढायची नाही. ओढली की रक्त येतं आणि पांडू दोन दिवस हात लावू देत नाही, हे एकदा करून बसल्यावर कळलं. तेलात भिजू द्यायची, आपोआप सुटू द्यायची. सुटली की मामंजींच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं करंगळीला गुंडाळून, दिसतं तेवढंच पुसायचं. आत खोल जायचं नाही. मग हात सोडायचा. पांडू मान झटकायचा आणि ते कडू तेल आमच्या दोघांच्या तोंडावर उडायचं. मामंजी पंच्यानं तोंड पुसायचे, मी पदरानं. हसू मात्र दोघंही गिळत होतो.

त्याच्या टोपलीतला जुना पेंढा रोज जाळायचा, नवा घालायचा. सकाळचं धुकं जरा उठलं, ऊन उंबऱ्यापर्यंत आलं की कानांची वेळ. मी त्या वेळेची वाट बघत उठायची. सांगताना हसू येतं, पण त्या थंडीत माझ्या दिवसाला तेवढंच तोंड होतं. बाकी दिवस नुसता पाठमोरा जायचा.

कान सुधारले. खपल्या गेल्या, आतली कातडी पुन्हा गुलाबी झाली, पांडू वालाचा पाला कुरतडायला लागला. तरी खपल्या पुन्हा धरू नयेत म्हणून सकाळचं तेल आम्ही चालूच ठेवलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

एके दिवशी माझ्या हातून तांब्याचा हंडा निसटला. भरलेला. आवाज असा झाला की आढ्यावरची चिमणी उडाली, पडवीतले मामंजी ताडकन उठले. पांडू उंबऱ्यावर पाठमोरा बसून चावत होता. त्याचा कान हलला नाही. एकही नाही. मी पांडूकडे बघितलं. मान वर केली तर मामंजीही पांडूकडेच बघत होते. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. पदर खांद्यावर पडला होता हे मला नंतर कळलं. पहिल्यांदाच मी त्यांचं तोंड सबंध बघितलं, आणि ते एका घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड होतं.

मी पदर ओढून घेतला. मामंजी खाली बसले. घसा साफ केला.

"पांडू," ते म्हणाले, "सांग तिला, हंडा चेपला काय बघ."

मी म्हटलं, "पांडू, त्यांना सांग, थोडासाच चेपलाय."

संपलं. पांडू बहिरा झालाय हे त्या घरात कुणीही, कधीही बोललं नाही. बोलून चालणारच नव्हतं. निरोप्याला ऐकू येत नाही असं एकदा म्हटलं की निरोप कसा धाडणार? आज मला वाटतं, आमच्या दोघांत कबूल करून केलेला एकच करार असेल तर तो हाच. आणि गंमत बघा, ऐकणारा बहिरा झाला आणि आम्ही जास्तच बोलायला लागलो. मामंजी सासूबाईंचं सांगायचे. "सांग तिला पांडू, हिची सासू हसाया लागली का बैल बुजायचा." मी हसले की थांबायचे आणि मग म्हणायचे, "आता कसं, घर गप असतं ना." मी त्याला शहापूरकडची रेल्वेची शिटी सांगायची. रात्रीच्या गाडीची शिटी आमच्या माहेरच्या घरात यायची, आणि इथं कान देऊन पडलं तरी येत नाही, हे सांगताना मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी माझ्यासाठी रानातली बोरं आणून टोपलीशेजारी ठेवली. "पांडू, ही तुझी नायत," एवढं म्हणाले.

थंडी ओसरली. पळसाला कळ्या धरल्या, मोहाखाली सडे पडायला लागले. शिमग्याला आमचे हे आले. मुंबईत खोली मिळाली होती. मला न्यायला आले होते.

मी वाट बघत होते त्याच गोष्टीची. लग्न झाल्यापासून. रात्री उशाला घेऊन झोपायची ती तीच एक गोष्ट. आनंद झाला नाही असं म्हणणार नाही, झाला. माझा नवरा, माझी खोली, बोलायला माणसं. पण आनंद झाला तो पाय तुटल्यासारखा, टेकेना कुठं. हे त्यांच्या बापाला म्हणाले, "बाबा, तुमीपन चला." मामंजी म्हणाले, "नि शेत? बैल? ह्या वयात मी मुंबईत काय करू, खिडकीत बसून?" त्या दोघांत बोलायला बंदी नव्हती, तरी त्यांचं बोलणं तेवढंच. मी आत भाकऱ्या थापत होते. मला सांगायचं होतं, तुम्ही आला नाहीत तर तुमच्याशी कोण बोलेल? पांडू परसात होता. आणि घरात नवरा असताना सशाला निरोप सांगायची मला लाज वाटली.

निघायच्या आधीच्या सकाळी मी आतून बघितलं. मामंजी पडवीत एकटेच बसले होते. पांडूला त्यांनी दोन गुडघ्यांत धरलं होतं, डाव्या हातानं कान आणि उजव्यात तेलाची वाटी. पांडू सुटला. पुन्हा धरला. वाटी कलंडली, धोतरभर तेल. पुन्हा ओतलं. या वेळी त्यांनी पंचा त्याच्याभोवती गुंडाळून त्याची टोकं आपल्या कमरेला बांधली, म्हणजे दोन्ही हात मोकळे. एक थेंब कानात गेला. मग फडकं करंगळीला गुंडाळलं, दातांनी ओढून. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. मी हात लावला असता तर त्यांना एकट्यानं करता आलं नसतं, आणि उद्यापासून त्यांना एकट्यानंच करायचं होतं. मी आत येऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. माणसानं जा म्हणावं, जाऊ नको म्हणावं, रडावं, भांडावं. हे नुसतं मुकाट्यानं एकटं राहायला शिकणं मला बघवेना.

मी पुन्हा त्या घरी गेले ती त्यांच्या दिवसांनाच. त्याच पावसाळ्यात, गौरी यायच्या आत, मामंजी तापानं गेले. पांडू हिराबायनं नेला होता. तिनं तो कापला नाही, हे तिचे उपकार माझ्यावर कायमचे. ती म्हणाली, म्हातारा रोज सकाळी पडवीत त्याचे कान करायचा आणि तासन्‌तास त्याच्याशी बोलायचा, पावसातसुद्धा. काय बोलायचा ते मी विचारलं नाही. तिनं ऐकलं असतं आणि सांगितलं असतं, तर ते मला पेललं नसतं.

पण मला सांगायचं आहे ते निघण्याच्या दिवसाचं.

मुरबाडपर्यंत मामंजींनीच बैलगाडी हाकली. निघताना त्यांनी पांडूची टोपली गाडीत ठेवली. हे म्हणाले, "बाबा, ह्याला कशाला?" "त्याचे कान दाखवायचेत कोनाला तरी मुरबाडात," मामंजी म्हणाले आणि बैलांना हाक दिली. कान बरे होऊन महिना झाला होता. हे ह्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. वाटभर टोपली माझ्या पायाशी होती आणि मी ओळखलं होतं की त्यांना मला काहीतरी सांगायचं आहे, आणि निरोप्याशिवाय ते सांगता येणार नाही.

मुरबाडहून कल्याणला तेव्हा कोळशावर चालणारी मोटार असे. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मागं भट्टी बांधलेली. भट्टी धरेपर्यंत मोटार निघत नसे. माणूस पंखा फिरवतोय, धूर निघतोय, सगळे खोळंबलेले. हे गाठोडी टपावर चढवायला गेले. मी मोटारीच्या पायरीशी उभी, पदर नाकापर्यंत. समोर मामंजी, दोन्ही हातांत पांडू. आजूबाजूला बाजारची माणसं. म्हातारा माणूस पांढरा ससा छातीशी धरून उभा, हे बघून दोघंतिघं हसलेही.

मामंजींनी पांडूकडे बघितलं. "पांडू," म्हणाले. मग थांबले. कुणीतरी मधून मोळी घेऊन गेला. "पांडू, सांग तिला..." पुन्हा थांबले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. घरात उंबऱ्यावर जे सहज जमायचं ते इथं चारचौघांत त्यांच्या गळ्यातून निघेना. भट्टीनं आवाज धरला. ड्रायव्हर ओरडला, चला, बसा. मामंजींनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं, आणि मान खाली घातली.

मी पदर मागं सारला. माझा आवाज मला मोठा वाटला, पण होता तो अगदी साधा.

"मामंजी, तेल आधी तुमच्या मनगटावर घालून बगत जा. ऊन लागलं तं त्याला नका घालू. नि सकाळी कायतरी खाऊन मंग त्याचे कान करा. उपाशी बसू नका."

ते माझ्याकडे बघतच राहिले. पापणी लवेना. माझ्याशी ते तेव्हाही बोलले नाहीत. त्यांनी हळूच पांडूचा एक कान उभा केला, त्यात तोंड घातलं आणि म्हणाले, "बोलली रे. माझ्याशी बोलली."

मोटार सुटली तरी त्यांनी तो कान हातातून सोडला नव्हता.